काचेची बरणी जलरंगात रंगवताना: काय आधी, काय नंतर

माझ्याकडे चित्र शिकायला येणारे लोक आंबा, वांगी, तांब्याचा गडू छान रंगवतात आणि काचेच्या ग्लासापाशी येऊन अडतात. चित्र समोर आलं की तीच तीन लक्षणं दिसतात: ग्लासाच्या आतला सगळा भाग फिक्या निळ्या-राखाडी रंगाने भरलेला, ग्लासाभोवती एकाच जाडीची गडद रेघ, आणि शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरचे दोन ठिपके. हात चांगला असतो, पण कामाचा क्रम चुकलेला असतो. जलरंगात कागदाचा पांढरा एकदा गेला की तो परत तसाच मिळत नाही, आणि काचेचं चित्र तर त्या पांढऱ्यावरच उभं असतं. म्हणून इथले बरेचसे निर्णय ब्रश ओला करण्याआधी घ्यावे लागतात.

इथे मी एकच मांडणी घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो: जॅमची रिकामी बरणी, त्यात निम्म्याहून थोडं जास्त पाणी, पाण्यात तिरका स्टीलचा चमचा, मागे एक पिकलेलं पिवळं लिंबू, खाली लाल-पांढऱ्या चौकड्यांचं कापड. सगळं घरात मिळतं. पहिल्यांदा करताना सलग तीन तास हाताशी ठेवा.

## १. मांडणी: अर्धं चित्र इथेच ठरतं

बरणीचं लेबल काढा. चिकटा राहिला तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, मग साबणाने धुवा. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि नंतर काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटांचे ठसे लांबून दिसत नाहीत, पण त्यांनी काचेवरची चमक मंद होते आणि ती का मंद आहे हे तुम्हाला कळत नाही.

पाणी उकळून गार केलेलं घ्या. नळाचं ताजं पाणी भरलं की अर्ध्या तासात काचेच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरतात आणि चमचाही बुडबुड्यांनी भरतो. रेखाटन केलेली वस्तू डोळ्यांदेखत बदलते.

उजेड एकाच बाजूने हवा. डावीकडे खिडकी आणि घरातली ट्यूबलाइट बंद. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथून वर्षाचा बराचसा काळ थेट ऊन येत नाही आणि उजेड तासन्‌तास स्थिर राहतो. दिवा आणि खिडकी दोन्ही चालू ठेवले तर काचेवर दोन-दोन चमका येतात, दोन पडछाया येतात आणि बरणीचा गोलवा हरवतो.

आता पार्श्वभूमी. पांढऱ्या भिंतीसमोर बरणी ठेवली की तिच्यावरच्या पांढऱ्या चमका दिसतच नाहीत. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद घ्या आणि बरणीमागे फूटभर अंतरावर उभा करा. मधल्या छटेचा, थोडा उबदार आणि गुळगुळीत असा तो कागद या कामाला मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

पार्श्वभूमीला इतकं महत्त्व का, ते समजून घ्या. बरणीच्या मधल्या भागातून तुम्हाला सरळ मागचं दिसतं. कडेला मात्र प्रकाश वाकून येतो, म्हणून तिथे बाजूचं काहीतरी दिसत असतं. मागे उजळ भिंत आणि बाजूला अंधारी खोली असेल तर बरणीच्या कडा गडद दिसतात. मागे काळं कापड आणि बाजूला खिडकी असेल तर त्याच कडा उजळ दिसतात. म्हणजे ‘काचेची कड गडद असते’ हा नियम नाही. आमच्या खाकी कागदासमोर तर एकाच बरणीची डावी आणि उजवी कड वेगवेगळी दिसते. बरणीमागे आधी पांढरा कागद धरा, मग काळा, आणि कडांकडे बघा. दोन मिनिटं लागतात, पण हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सगळीकडून सारखी रेघ मारायचा मोह बराच कमी होतो.

लिंबाची जागा जपून ठरवा. पाण्याने भरलेली गोल बरणी हे एक भिंगच असतं. ७ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीला लिंबू मागून जवळजवळ टेकवून ठेवलं तर ते पाण्यातून आडवं ताणलेलं, मोठं दिसतं. चार-पाच सेंटिमीटरच्या आसपास नेलं तर पिवळा रंग पाण्यात भलताच पसरतो. त्याहून मागे नेलं की चित्र उलटतं: बरणीच्या उजवीकडे ठेवलेल्या लिंबाचा पिवळा पाण्यात डावीकडे दिसू लागतो. पहिल्या चित्रासाठी लिंबू एका बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरावर, अर्धं बरणीमागे आणि अर्धं बाहेर ठेवा. उलटणारं लिंबू दुसऱ्या वेळेला करा, त्यात फार मजा आहे.

जपा: थेट उन्हात पाण्याने भरलेली गोल बरणी कापडावर ठेवून उठून जाऊ नका. पाणी ऊन एका जागी एकवटतं आणि कापड करपू शकतं.

तपासा: खुर्चीवर बसून बघा. बरणीच्या तोंडाचा लांबट गोल स्पष्ट दिसतो आहे का? तो निव्वळ रेषेसारखा दिसत असेल तर तुम्ही फार खाली बसला आहात. पाय टेकलेत तिथे जमिनीवर खडूने खूण करा, कारण उठून परत बसताना डोळा दोन इंच सरकला तरी पाण्यातली सगळी आकृती बदलते. बसल्या जागेवरून मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. तो आकारांसाठी आहे. छटा त्यावरून घेऊ नका, कारण फोटोत उजळ भाग पूर्ण पांढरे होतात आणि गडद भाग काळे.

## २. सामान

कागद ३०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), शक्यतो कॉटनचा. कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम पोताचा, चालतो, पण फार खरबरीत नको. खरबरीत कागदावर ब्रश उड्या मारतो आणि काचेची धारदार कड फाटकी येते. साध्या कार्ट्रिज कागदावर दुसरा थर दिला की खालचा उठतो, शिवाय मास्किंग फ्लुइड (पांढरी राखायची जागा झाकणारा, नंतर चोळून काढायचा रबरी द्रव) काढताना वरचा पापुद्रा निघून येतो. आकार साधारण ११ × १५ इंच घ्या. यापेक्षा लहान कागदावर बरणीच्या बुडातल्या आकृत्या ब्रशात मावत नाहीत.

रंग पाचच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लेमन यलो, क्रिमझन (गडद लाल), व्हिरिडियन (निळसर हिरवा). अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून तुम्हाला उबदार तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंत आणि दाट केल्यास जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. काळी ट्यूब बाजूला ठेवा. तिने काचेतली गडद जागा मेलेली दिसते, तर या दोघांच्या मिश्रणात जवळून पाहिलं तरी रंग दिसतो.

ब्रश तीन पुरेत: १० नंबरचा गोल, टोक शाबूत असलेला ४ नंबरचा गोल आणि रंग उचलायला अर्ध्या इंचाचा चपटा. शिवाय मास्किंग फ्लुइड, टाकाऊ बारीक ब्रश, टिश्यू, मास्किंग टेप, पाण्याची दोन भांडी. एका भांड्यातलं पाणी फक्त स्वच्छ कामाला. काचेच्या चित्रात मळक्या पाण्याचा एक हात पुरेसा घात करतो.

## ३. दहा मिनिटांचा नकाशा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि पुढचा जो गोंधळ होतो त्यातला बराच इथून सुरू होतो.

पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. डोळे बारीक करून मांडणीकडे बघा आणि पेन्सिलने चारच छटांत सगळं बसवा: पांढरी, फिकी, मधली, गडद. बरणी काढू नका, फक्त तुकडे काढा. ‘ही काच, हे पाणी’ असा विचार डोक्यात चालू असला की हात आठवणीतली बरणी काढू लागतो. ‘हा केळ्याच्या आकाराचा फिका तुकडा, त्याला खेटून हा बारीक गडद तुकडा’ असं मनाशी म्हणत काढा.

सगळ्यात जास्त वेळ बुडाला द्या. बरणीचं बूड जाड असतं, आणि चित्रातली सगळ्यात उजळ व सगळ्यात गडद जागा बहुधा तिथेच शेजारी-शेजारी असते. तिथे खरोखर पंधरा-वीस तुकडे असतात. त्यातले सहा-सात निवडा आणि बाकीचे सोडून द्या. निवड आत्ताच करायची, रंग हातात घेतल्यावर ती जमत नाही.

मग पांढऱ्या जागा मोजा. काचेवरची चमक म्हणजे बहुतेक वेळा तुमची खिडकीच असते. नीट पाहिलंत तर तिच्यात खिडकीचे गजसुद्धा दिसतील, बरणीच्या गोलाईबरोबर वाकलेले. म्हणून ती गोल ठिपक्यासारखी काढू नका. वाकलेला चौकोन काढा आणि त्यात एक-दोन गज दाखवा. याने काच जितकी पटते तितकी दुसऱ्या कशाने पटत नाही.

तपासा: नकाशात शुद्ध पांढऱ्या जागा सातपेक्षा जास्त आहेत का? असतील तर काही फिक्या करा. सगळंच चमकलं तर काहीच चमकत नाही.

## ४. रेखाटन

एचबी पेन्सिल, हलका हात. पारदर्शक रंगाखाली पेन्सिलीची जाड रेघ अडकली की ती नंतर खोडरबराने निघत नाही, आणि पिवळ्याखाली तर ती मळासारखी दिसते.

आधी मधोमध उभी रेषा, म्हणजे बरणीचा अक्ष. तिच्यावर काटकोनात तीन आडव्या रेषा: तोंड, पाण्याची पातळी, बूड. प्रत्येकीवर लांबट गोल काढा, आणि पूर्ण काढा. वस्तू काचेची आहे, मागची बाजूही दिसते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत सगळ्यांनी हे केलेलं असतं, तरी दोन चुका टिकून राहतात. पहिली, तोंड भरपूर गोल आणि बूड सपाट रेघ, कारण ‘बरणी टेबलावर टेकलेली आहे’. तुम्ही वरून पाहत असाल तर जो गोल डोळ्यांच्या पातळीपासून जितका खाली तितका तो जास्त उघडा दिसतो. म्हणजे बुडाचा गोल तोंडापेक्षा अधिक गोलसर हवा, आणि पाण्याचा या दोघांच्या मधला. दुसरी चूक म्हणजे गोलाची दोन्ही टोकं होडीसारखी टोकदार. तिथेही वळणच असतं, फक्त घट्ट.

तोंडावर झाकणाचे आटे असतील तर सगळे काढू नका. डावीकडे दोन तुकडे, उजवीकडे एक, बस.

चमचा पाण्यात शिरतो तिथे तुटल्यासारखा सरकतो आणि पाण्याखाली रुंद दिसतो. वरचा दांडा आणि खालचा भाग या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं समजून काढा. त्यांना जोडायची धडपड केली की चमचा पाण्यात आहे असं वाटतच नाही. कापडाच्या चौकड्यांचंही तेच. बाहेरची लाल पट्टी बरणीच्या कडेशी थांबते आणि आत दुसऱ्याच जागी, वाकून, वेगळ्या रुंदीने सुरू होते.

तपासा: कागद उलटा करून बघा. बरणी एका बाजूला कलली असेल तर आत्ता दिसेल. रंगाने ती सरळ होणार नाही.

## ५. पांढरं राखणं

मोठ्या पांढऱ्या जागा ब्रशनेच वळसा घालून सोडायच्या. मास्किंग फ्लुइड फक्त बारीक कामाला: तोंडाच्या काठावरची चमक, खिडकीचा आकार, पाण्याच्या काठाची उजळ रेघ, बुडातले दोन तुकडे, आणि पडछायेच्या मधोमध पडलेला उजेडाचा पट्टा.

क्रम असा. आधी कागदाच्या कोपऱ्यावर थेंबभर लावून, वाळवून, काढून बघा. कागद फाटला तर या कागदावर ते वापरायचंच नाही. टाकाऊ ब्रश ओल्या साबणावर फिरवा, मग फ्लुइडमध्ये बुडवा, नाहीतर केस कायमचे चिकटतात. चांगला ब्रश त्यात कधीही घालू नका. बाटली हलवू नका, हलवली की फेस होतो आणि फेसाच्या जागी बारीक भोकं राहतात. खिडकी उघडी ठेवा, बऱ्याच फ्लुइडमध्ये अमोनिया असतो.

थांबा: फ्लुइड आपलं आपण वाळू द्या. हेअर ड्रायर मारला की ते कागदात भाजून बसतं. आणि कागदावर दिवसेंदिवस ठेवू नका. एक-दोन दिवसांत काढलं नाही तर ते नीट निघत नाही.

मेणबत्ती घासूनही पांढरं राखता येतं, पण मेण निघत नाही आणि त्याची कड भुरभुरीत येते. काचेला ती चालत नाही.

## ६. पहिला थर: बरणी नाहीच असं समजा

बोर्ड थोडा तिरका ठेवा. पंखा बंद. बर्न्ट सिएनात थोडं अल्ट्रामरीन मिसळून खाकी कागदाची छटा भरपूर बनवा, मध्येच संपता कामा नये. दाटपणा पातळ ताकाएवढा.

आता डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करा आणि बरणीच्या कडेशी थांबू नका. पाण्याच्या वरचा रिकामा भाग पातळ काचेचा आहे, त्यातून मागचा कागद जवळजवळ जसाच्या तसा दिसतो. तोच ब्रश, तोच ओला रंग, बरणीवरून आरपार न्या. फक्त राखलेल्या पांढऱ्याला वळसा घाला. बहुतेकांची पार्श्वभूमी बरणीच्या रेषेपर्यंत येऊन थांबते, आत वेगळा रंग लागतो, आणि काच मागच्या कागदापासून तुटते. चित्र बिघडायची सुरुवात नेमकी इथे होते.

पाण्याच्या भागात थर ओला असतानाच लेमन यलो सोडा. लिंबाचा पिवळा आणि खाकी यांची सीमा पाण्यात थोडी मऊ झाली तरी चालते. बरणीबाहेरचं लिंबू त्याच दमात करा, त्याची चमक कोरडी सोडून. कापडाच्या पांढऱ्या भागाला अगदी फिकी राखाडी, उजेडाच्या बाजूला तीही नको.

हा थर झाल्यावर बरणी दिसेनाशी होते. तसंच व्हायला हवं. इथेच घाबरून लोक पेन्सिलीच्या रेषेवर गडद ब्रश फिरवतात. फिरवू नका.

पूर्ण वाळू द्या. बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच लावा, गार लागला तर अजून ओल आहे. नागपूरच्या मे महिन्यात हे पाच मिनिटांत होईल आणि थर पसरवतानाच कडा वाळून पट्टे पडतील, म्हणून तिथे कागदावर आधी स्वच्छ पाण्याचा हात द्या आणि राखायच्या मोठ्या पांढऱ्या जागा त्यातून कोरड्या सोडा. कोकणातल्या जुलैत अर्धा तासही पुरणार नाही, आणि अर्धवट ओल्यावर दुसरा हात दिला की पाणी खालचा रंग ढकलतं आणि नक्षीदार कडेचे डाग उठतात. ते काढायला गेलात तर वाढतात.

## ७. दुसरा थर: मधल्या छटेचे तुकडे

आता सगळं कोरड्या कागदावर, आणि कड धारदार. काच टणक दिसते ती या धारेमुळे. ओल्यावर ओलं करत राहिलात तर बरणीऐवजी धुकं होतं.

आधी कापडाच्या लाल पट्ट्या बाहेर, मग बरणीतून दिसणाऱ्या. आतल्या लालमध्ये किंचित व्हिरिडियन घाला, म्हणजे तो थोडा दबतो आणि काचेच्या पलीकडे जातो. दोन तुकड्यांच्या मध्ये केसाएवढी कोरडी फट सुटली तर सुटू द्या. अशा फटी काचेच्या उजळ रेषा म्हणून आपसूक कामाला येतात.

मग खांदा, आट्यांच्या खालची सावली, बुडाचे मधले तुकडे. यांसाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि व्हिरिडियनचा थेंब. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून जाड भागात आणि कडेने पाहिल्यावर ती हिरवट दिसते. खिडकीच्या काचेचा तुकडा कडेने बघा, लगेच पटेल. पण हा हिरवा फक्त जाड जागी. सगळ्या बरणीला हिरवट हात दिलात तर ती रंगीत बाटली होईल.

पाण्याच्या पातळीला दोन रेषा लागतात. पाणी काचेला भिडतं तिथे ते थोडं वर चढतं, त्यामुळे एक बारीक उजळ रेघ आणि तिला खेटून एक गडद दिसते. उजळ तुम्ही राखलेलीच आहे. तिच्याशेजारची गडद रेघ पुढच्या काठाला स्पष्ट, मागच्या काठाला फिकी, आणि मध्ये दोनदा तुटलेली असू द्या.

तपासा: सहा फूट मागे जा. बरणी आता अंधूकशी दिसू लागली पाहिजे. अजिबात दिसत नसेल तर खांदा आणि बूड एक पायरी गडद करा. कडा नको.

## ८. चमचा

स्टीलला फिक्या-गडद पट्ट्या असतात, मध्ये छटांची चढण जवळजवळ नसते. दांड्यावर तीन लांब पट्ट्या: एक कोरा कागद, एक मधली राखाडी, एक गडद. राखाडीत लिंबाचा पिवळा किंवा कापडाचा लाल कुठेतरी उतरलेला असतो, तो नक्की घ्या. पाण्याखालच्या भागात तीव्रता कमी करा: ना शुद्ध पांढरं, ना पूर्ण गडद.

## ९. गडद जागा

आता ४ नंबरचा ब्रश आणि अल्ट्रामरीन-बर्न्ट सिएनाचं बासुंदीइतकं दाट मिश्रण. जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटला पाहिजे. भीत भीत फिकं लावलं तर तीन हात द्यावे लागतात आणि तिसऱ्या हाताला रंग मळतो.

नकाशा समोर ठेवा. गडद जागा नऊ ते अकरा, त्याहून जास्त नाहीत: बुडात तीन-चार, आट्यांखाली दोन, तोंडाच्या काठाला आतून एक, खांद्याच्या वळणावर एक, चमच्याच्या कडेला एक-दोन, पाण्याच्या रेषेत एक. प्रत्येक हात जाड सुरू होऊन बारीक होत संपावा. बरणीची उभी कड वरपासून खालपर्यंत एका दमात ओढू नका. जिथे बरणीची छटा आणि मागच्या कागदाची छटा एकच आहे तिथे कड दिसत नाही, म्हणून तिथे काहीच काढायचं नाही. बघणाऱ्याचा डोळा ती जागा स्वतः भरून घेतो. मला काचेच्या चित्रात सगळ्यात प्रिय वाटतात त्या याच न काढलेल्या जागा.

## १०. पडछाया

पाण्याने भरलेल्या बरणीची सावली वांग्याच्या सावलीसारखी भरीव नसते. तिच्यात उजेडाचा पट्टा असतो, कारण बरणीने खिडकीचा उजेड तिथे गोळा केलेला असतो. तो तुम्ही राखला आहे. त्याच्याभोवती सावलीचा एकच पारदर्शक हात द्या, चौकड्या त्यातून दिसल्या पाहिजेत. बुडाशी कड धारदार, लांबच्या टोकाला ओल्या ब्रशने मऊ. घासू नका, लाल उठेल.

## ११. मास्किंग काढणं आणि शेवटचे हात

कागद हाडापर्यंत कोरडा झाल्यावर स्वच्छ बोटाने किंवा खोडरबराने फ्लुइड चोळून काढा. खालून निघालेलं पांढरं कात्रीने कापल्यासारखं कडक दिसतं. ते तसंच सोडणं ही शेवटची मोठी चूक. प्रत्येक चमकेची एक बाजू ओल्या ब्रशने मऊ करा. खिडकीच्या आकारात अगदी पातळ अल्ट्रामरीन द्या, कारण त्यात आकाश आहे. पडछायेतल्या पट्ट्याला पिवळ्याची झाक द्या. शुद्ध पांढरं शेवटी दोन किंवा तीन ठिकाणीच उरू द्या, तोंडाच्या काठावर आणि बुडात.

एखादी राखायची जागा भरली गेली असेल तर चपटा ब्रश ओला करून, पिळून, एकदाच फिरवा आणि टिश्यूने टिपा. वर सांगितलेल्या पाच रंगांत क्रिमझन सगळ्यात हट्टी. व्हिरिडियनऐवजी थॅलो ग्रीन घेतला असेल तर तो कागदात मुरतो आणि निघत नाही. पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) वापरायला माझी हरकत नाही, पण एका केसाएवढ्या रेघेला, तीही अगदी शेवटी.

## बरणीनंतर

कटिंग चहाच्या ग्लासात चहा अपारदर्शक असतो, त्यामुळे भिंगाचा प्रकार होत नाही. भरलेला भाग सरळ तपकिरी वस्तूसारखा रंगवा आणि काच फक्त वरच्या रिकाम्या काठात आणि जाड बुडात दाखवा. ग्लासावरच्या उभ्या धारा मोजून सगळ्या काढू नका. मधल्या तीन स्पष्ट, कडेच्या एकमेकींत मिसळलेल्या.

रंगीत बाटलीला क्रम थोडा बदलतो. चमका राखून बाटलीचा रंग आधी सगळीकडे द्या, मग मागच्या वस्तू त्याच रंगाच्या गडद छटेत. तिच्या पडछायेतही तो रंग उतरतो.

आणि काचेच्या बांगड्या. दोन हिरव्या बांगड्या एकमेकींवर ठेवा. पहिलीचं कडं पूर्ण, एकाच पारदर्शक हाताने रंगवा, चमकेची जागा सोडून. वाळू द्या. मग त्याच मिश्रणाने दुसरी तिच्यावरून न थांबता ओलांडून न्या. जिथे दोन्ही भेटतात तिथला हिरवा आपोआप गडद होतो. तिथे वेगळा रंग कालवू नका.